स्पेक्ट्रमवरचा 'फुल थ्रॉटल': डेथचेसच्या सावलीत राहिलेली मोटरसायकल शर्यत

माळरान
रविवार, सकाळी १०:२०

जुने घरगुती संगणक आणि मोटरसायकलचे खेळ असा विषय निघाला की पहिलं नाव 'डेथचेस'चं येतं. त्यात गैर काही नाही. 'युवर सिंक्लेअर' या ब्रिटिश मासिकाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या सर्वोत्तम १०० खेळांची यादी छापली, तिच्यात डेथचेस पहिला होता. पण ज्या मर्विन एस्टकोर्टने १९८३ मध्ये मायक्रोमेगा कंपनीसाठी डेथचेस लिहिला, त्यानेच १९८४ मध्ये त्याच कंपनीसाठी 'फुल थ्रॉटल' लिहिला. ही निव्वळ मोटरसायकल शर्यत. बंदुका नाहीत, रणगाडे नाहीत, गोष्ट नाही. तिच्याविषयी मराठीत सविस्तर काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आधी एक खुलासा: लुकासआर्ट्सचा १९९५ चा याच नावाचा खेळ वेगळा. तो साहसकथेचा, हा शर्यतीचा. दोघांचा काही संबंध नाही.

आता खेळ. आपला स्वार आपल्याला पाठीमागून दिसतो, वळणावर तो एका बाजूला झुकतो. सिल्व्हरस्टोन, डॉनिंग्टन, ॲसेन अशी खरी सर्किटं निवडता येतात. शर्यत सुरू होते तेव्हा आपण सगळ्यात मागे असतो. गवतात गेलो की वेग पडतो, कुणाच्या चाकाला घासलो की त्याहून जास्त पडतो आणि नुकतेच मागे टाकलेले एकेक करून पुन्हा पुढे निघून जातात. खेळ एवढाच. पण या एवढ्याशा नियमांत शर्यतीचा सगळा जीव आहे असं माझं ठाम मत आहे.

कारण सांगतो. बहुतेक जुन्या शर्यतींमध्ये लढत घड्याळाशी असते. इतक्या सेकंदांत अमुक ठिकाणी पोचा, नाहीतर खेळ संपला. समोरच्या गाड्या म्हणजे रस्त्यातले दगड. फुल थ्रॉटलमध्ये समोरचे स्वार दगड वाटत नाहीत. तिघं-चौघं एकत्र दिसायला लागले की डावीकडून जायचं की उजवीकडून हे आधीच ठरवावं लागतं, कारण वळण आलं की तो घोळका सरकतो आणि मघाशी मोकळी वाटलेली फट बंद होते. ब्रेक मारावा तर मागचे पुढे जातात, घुसावं तर धडक. सरळ रस्त्यावर कमावलेलं सगळं एका घाईच्या निर्णयात जातं. नंबर हळूहळू वर सरकताना पाहण्यात जो ताण आहे, तो मला पुढच्या कित्येक चकचकीत खेळांत सापडला नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सेगाचा 'हँग-ऑन', ज्यात मोटरसायकलच्या आकाराच्या यंत्रावर बसून ती अंगाने कलवायची असते, तो आर्केडमध्ये आला १९८५ साली. पाठीमागून दिसणारा, वळणावर झुकणारा स्वार ४८ केबी मेमरीच्या घरगुती संगणकावर त्याच्या वर्षभर आधी धावत होता.

ज्यांनी हा खेळला आहे त्यांनी जरूर लिहा. ज्यांना आतली यंत्रणा कळते त्यांनी तर नक्कीच लिहा. एवढा वेग त्या डबीत बसवला कसा, हे मला नीट समजून घ्यायचं आहे.


चिंचोका
रविवार, सकाळी ११:०५

वाचतेय. आमच्याकडे स्पेक्ट्रम प्लस होता आणि मोठा भाऊ कॅसेटच्या कागदावर टेपरेकॉर्डरच्या काउंटरचे आकडे लिहून ठेवायचा, कुठला खेळ कुठे सुरू होतो त्याचे. फुल थ्रॉटलसमोर त्याने लाल पेनाने चौकोन केलेला होता, म्हणजे तिथून पुढे खेळ संपेपर्यंत कुणीही काहीही टेप करायचं नाही. लोड व्हायला पाच एक मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ घरात कुणी मिक्सर लावायचा नाही हा नियम आईनेही पाळला.


पेठकर_६१
रविवार, दुपारी १:४०

माळरान, विषय छान काढलात. संगणकातलं मला फारसं कळत नाही, पण शर्यतींचं कळतं, म्हणून त्या बाजूने थोडी भर घालतो.

हा खेळ ज्या काळात निघाला तो ५०० सीसी ग्रां प्रीचा सुवर्णकाळ होता. १९८३ चा मोसम आठवा. त्या वर्षी १२ शर्यती झाल्या. सहा जिंकल्या होंडाच्या फ्रेडी स्पेन्सरने, सहा यामाहाच्या केनी रॉबर्ट्सने. तिसऱ्या कुणाला एकही मिळाली नाही. शेवटी स्पेन्सरचे १४४ गुण, रॉबर्ट्सचे १४२. दोन गुणांनी जगज्जेतेपद! इंग्लंडमध्ये त्याआधी बॅरी शीनने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं सुझुकीवर जगज्जेतेपद मिळवलं होतं आणि तो तिथे घराघरांत माहीत होता. तेव्हा १९८४ मध्ये एका ब्रिटिश प्रोग्रामरला मोटरसायकल शर्यतीचा खेळ करावासा वाटला यात नवल नाही. खेळणाऱ्या पोरांना सिल्व्हरस्टोन म्हणजे काय हे सांगावं लागत नव्हतं.

सर्किटांविषयीही सांगतो. सिल्व्हरस्टोन हा मुळात दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ. धावपट्ट्यांभोवतीच्या रस्त्यांचं सर्किट झालं, म्हणून सपाट आणि अतिवेगवान. ॲसेनला १९२५ पासून शर्यती होतात आणि मोटरसायकलवाल्यांसाठी ती पंढरीच आहे.

आपल्याकडे तेव्हा राजदूत ३५० होती, म्हणजे यामाहाची आरडी ३५०. मित्राची होती, मी चालवली आहे. दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. गाडी एका ठरावीक वेगापर्यंत शहाण्यासारखी चालते आणि मग अचानक ओढ घेते. त्या ओढीची सवय असलेल्या माणसाला ५०० सीसीच्या शर्यती टीव्हीवर पाहतानाही पोटात गोळा येतो. तुम्ही घोळक्यातून वाट काढण्याबद्दल जे लिहिलंय ते अगदी खरं. खरी शर्यत तिथेच असते. मोकळ्या रस्त्यावर कुणीही वेगात जाईल.


नितळ
रविवार, दुपारी ३:१५

विरोधी मत मांडतो, राग मानू नका.

मी दोन्ही खेळलो आहे आणि डेथचेस कितीतरी वरचा आहे. तिथे समोर आपलेच हँडलवर धरलेले हात दिसतात, जंगल अंगावर येतं, एक झाड चुकवावं तर दुसरं समोर. दर टप्प्याला झाडी दाट होत जाते, दिवसाचा फेरा झाला की रात्रीचा येतो. निळा आणि पिवळा असे दोन स्वार पुढे पळत असतात, त्यांच्यामागे जाताना श्वास घ्यायलाही वेळ नसतो. आणि हे सगळं १६ केबीच्या स्पेक्ट्रमवर चालायचं.

फुल थ्रॉटलमध्ये सर्किट बदललं तरी देखावा तोच. वळणांचा क्रम सोडला तर ॲसेन आणि सिल्व्हरस्टोन यात फरक करता येत नाही. दहा मिनिटांनी तोचतोचपणा जाणवतो. शिवाय मोटरसायकलच्या खेळात मित्राबरोबर खेळता यावं ही माझी अपेक्षा. कमोडोर ६४ वरचा 'किकस्टार्ट' बघा. शॉन सदर्नने लिहिलेला, मास्टरट्रॉनिकने १९८५ मध्ये १.९९ पौंडांत विकलेला. पडदा दुभागलेला, दोघं एकाच वेळी अडथळ्यांवरून उड्या मारतायत. 'किकस्टार्ट २' मध्ये तर स्वतःचे मार्ग आखता यायचे. त्यापुढे फुल थ्रॉटल एकलकोंडा वाटतो.


झेड८०
रविवार, रात्री ९:३०

> एवढा वेग त्या डबीत बसवला कसा, हे मला नीट समजून घ्यायचं आहे.

माळरान, हे सांगायला मला मनापासून आवडेल. त्या काळचे वेगवान खेळ कसे लिहीत, ते हिशेबासकट मांडतो.

स्पेक्ट्रममधला झेड८०ए प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३५ लाख ठोके. टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० वेळा उमटतं. म्हणजे एका चित्रामागे हाताशी साधारण ७० हजार ठोके. पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा, त्यासाठी ६,१४४ बाइट. आता समजा तुम्ही पूर्ण चित्र दुसरीकडे तयार केलं आणि प्रोसेसरच्या तयार एलडीआयआर सूचनेने पडद्यावर उतरवलं. एका बाइटला २१ ठोके. ६,१४४ ला २१ ने गुणा: १,२९,०२४. चित्र काढायला सुरुवातही केली नाही आणि दोन चित्रांचा वेळ जवळजवळ संपला!

म्हणून वेग हवा असेल तर पहिला नियम: पूर्ण पडद्याला हात लावायचा नाही. जे बदललं तेवढंच बदलायचं.

रस्त्याचंच घ्या. डोळ्याला रस्ता भरलेला दिसतो, पण प्रत्येक ओळीत खरं बदलतं ते फक्त डावा आणि उजवा काठ. मधलं पोट तसंच राहतं. कुठल्या ओळीवर रस्ता किती रुंद याचा तक्ता आधीच करून मेमरीत ठेवायचा, कारण झेड८० ला गुणाकाराची सूचनाच नाही. वळणासाठी खालच्या ओळीपासून वर जाताना प्रत्येक ओळीला काठ थोडा सरकवायचा, आणि हे सरकवणं क्षितिजाकडे वाढवत न्यायचं. फक्त बेरजा. त्या बेरजांतून रस्ता वाकलेला दिसतो. समोरच्या गाड्यांचंही तसंच. लांबची, मधली, जवळची अशी वेगवेगळ्या आकारांची चित्रं आधीच काढून ठेवायची आणि अंतरानुसार योग्य ती उचलायची. खेळ चालू असताना लहानमोठं करत बसायचं नाही.

एखादा मोठा पट्टा एकाच आकड्याने भरायचा असेल तर आणखी एक युक्ती होती. स्टॅकचा (प्रोसेसर तात्पुरते आकडे रचून ठेवतो त्या जागेचा) पत्ता पडद्याच्या मेमरीत नेऊन ठेवायचा आणि पुश सूचना लागोपाठ द्यायच्या. एका पुशमध्ये दोन बाइट, ११ ठोक्यांत. म्हणजे बाइटमागे साडेपाच, एलडीआयआरच्या जवळजवळ चौपट वेग. फक्त तेवढ्या वेळात इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच दुसऱ्या कामाला वळवणारे इशारे) बंद ठेवावे लागतात, नाहीतर परतीचा पत्ता चित्रातच लिहिला जातो.

आता रंग. स्पेक्ट्रमवर रंग ठिपक्यागणिक नसतो. आठ गुणिले आठच्या चौकोनाला एक बाइट, त्यात शाईचा एक रंग आणि कागदाचा एक. असे ७६८ बाइट. एका चौकोनात तिसरा रंग आणायला गेलात की शेजारचं चित्र डागाळतं. हीच मर्यादा उलटी वापरली तर ताकद आहे, कारण एक बाइट बदलला की ६४ ठिपक्यांचा रंग क्षणात बदलतो. पण हलणाऱ्या चार गाड्यांना चार रंग द्यायचे म्हटलं की भांडण सुरू. म्हणून त्या पिढीतल्या बऱ्याच वेगवान खेळांचं मैदान एकाच रंगजोडीत असतं. नितळ यांना जो तोचतोचपणा वाटतो त्याचं मूळ इथे आहे. देखावा वाढवला असता तर वेग गेला असता. एस्टकोर्टने वेग निवडला, आणि माझ्या मते शर्यतीच्या खेळात दुसरी निवड असूच शकत नाही.

डेथचेसविषयी मात्र नितळ यांना एक पुरावा माझ्याकडूनही. स्पेक्ट्रमची १६३८४ ते ३२७६७ ही मेमरी प्रोसेसर आणि चित्र काढणारी यूएलए चिप वाटून घेतात. यूएलए चित्र काढत असताना प्रोसेसरला तिथे थांबावं लागतं. ४८ केबीच्या यंत्रात प्रोग्रामर आपला कोड वरच्या मोकळ्या भागात ठेवतो. १६ केबीच्या यंत्रात वरचा भागच नाही! म्हणजे डेथचेसचा प्रत्येक बाइट त्या अडखळणाऱ्या मेमरीतून धावतो, आणि तरीही झाडं अंगावर येतात. ज्या माणसाने हे साधलं त्याच्या हाती पुढच्या वर्षी ४८ केबी आलं, त्यातून फुल थ्रॉटल निघाला.

आवाजाचंही लिहायला हवं. स्पेक्ट्रमचा भोंगा म्हणजे पोर्ट २५४ चा एक बिट. तो वर-खाली करण्याचं काम प्रोसेसरनेच करायचं. इंजिनाचा आवाज काढत असतो तेवढा वेळ प्रोसेसर चित्राच्या कामाला मिळत नाही. म्हणून चित्राच्या दोन कामांमध्ये आवाजाचे छोटे तुकडे पेरावे लागतात. इंजिन गुरगुरतंय असं वाटायला तेवढे पुरतात.


वेळूबन
रविवार, रात्री १०:१०

झेड८०, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो हे संगणक होते, शाळांमध्ये संगणक शिकवण्यासाठी १९८४ साली सुरू झालेल्या सरकारी 'क्लास' योजनेतले. त्यावर खेळायला परवानगी नव्हती. घरी स्पेक्ट्रम असलेला वर्गमित्र म्हणजे आमच्यासाठी संस्थानिक. त्याच्याकडे फुल थ्रॉटल नव्हता, मायक्रोस्फिअरचा 'व्हीली' होता. तो बाजूने दिसणारा. बोगद्यांतून वाट काढत भुताटकीच्या स्वाराला गाठायचं आणि मग त्याच्याशी शर्यत लावत परत यायचं. मध्ये कांगारू आणि साळिंदरासारखे प्राणी आडवे येतात. शर्यतीपेक्षा भुलभुलैयाच म्हणा, पण चढावर वेग कसा राखायचा याचं गणित त्यात फार छान होतं.


माळरान
सोमवार, सकाळी ७:५०

झेड८०, तुमचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. फक्त काठ बदलतात हे कळल्यावर खेळ पुन्हा लावून बघितला आणि नजर आपोआप काठांवरच जायला लागली. मनापासून आभार.

नितळ, राग कसला? तुमचा तोचतोचपणाचा मुद्दा देखाव्यापुरता मान्य. पण सर्किटं सारखी वाटतात हे मान्य नाही. लांब सरळ रस्त्यानंतर येणारं वळण आणि लागोपाठ डावं-उजवं वळण, यांत घोळक्याला ओलांडायची जागा पूर्ण वेगळी असते. सरळ रस्त्यावर धीर धरायचा असतो, वळणांच्या साखळीत आधी बाजू निवडायची असते. हा फरक हातांना कळतो, तेव्हा सर्किट ओळखीचं होतं.

दोघांनी खेळण्याबद्दल: डिजिटल इंटिग्रेशनचा १९८६ चा 'टीटी रेसर' बघा. त्यात इंटरफेस १ हे जोडयंत्र लावलेले अनेक स्पेक्ट्रम तारांनी जोडून एकत्र शर्यत लावता यायची. मात्र तो खरोखर चालवून दाखवणारा सिम्युलेटर आहे, गियर आणि झुकाव समजून घेतल्याशिवाय पहिलं वळणही पार होत नाही. पेठकरकाका, तुम्हाला तो नक्की आवडेल.


गुहागरी
सोमवार, दुपारी १२:३०

धागा वाचून माळ्यावरची पेटी काढली. फुल थ्रॉटल लिहिलेली कॅसेट सापडली! काका मस्कतला होते, तिथून त्यांनी संगणकाबरोबर आणलेली. पण कोकणातल्या हवेने व्हायचं ते झालंय, फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसतेय. टेपरेकॉर्डर चालू आहे. लावून बघू का? आणि संगणकात कशी उतरवायची?


झेड८०
सोमवार, दुपारी १:०५

गुहागरी, कृपा करून आत्ता लावू नका! बुरशी आलेली फीत तशीच चालवली तर ती हेडवर बसते, फितीचा लेप खरवडला जातो आणि त्याच रेकॉर्डरवर नंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते. आधी दोन-तीन दिवस कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. उन्हात नको. मग नाकाला मास्क लावून, उघड्या खिडकीजवळ, मऊ कोरड्या कापडाच्या चिमटीतून फीत हळूहळू एका चक्रीवरून दुसरीवर हाताने फिरवा. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर उघडून चक्र्या नव्या कवचात घालणं सगळ्यात उत्तम. चिकटवलेली असेल तर घाई करू नका, इथे फोटो टाका.

रेकॉर्डरचा हेड आणि रबरी रोलर साफ करून घ्या. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी. रबराला ओलसर फडकं पुरे.

उतरवताना: हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाच्या लाइन-इनमध्ये. मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, डब्ल्यूएव्ही फाइल. एमपी३ मुळीच नको. डॉल्बी (फितीची खरखर कमी करणारी सोय) बंद. सुरुवातीला एक सलग शिट्टी ऐकू येईल, साधारण ८०० हर्ट्झची, पाच सेकंद. ती स्वच्छ आणि धारदार यायला हवी. बसका, घशातला आवाज आला तर हेड तिरका आहे. हेडच्या बाजूला स्प्रिंगचा एक बारीक स्क्रू असतो, फीत चालू असताना तो अगदी किंचित फिरवत बघा. आवाज जिथे सगळ्यात कर्कश होईल तिथे थांबा. फिरवण्याआधी मूळ जागी पेनाने खूण करायला विसरू नका.


पेठकर_६१
सोमवार, सायंकाळी ६:२०

गुहागरी, तपकिरी फीत फिरवताना बोट लावू नका, घामाने डाग पडतात. जुन्या नाट्यसंगीताच्या कॅसेट मी अशाच वाचवल्या आहेत. झेड८० यांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे.


गुहागरी
शुक्रवार, रात्री ९:१५

झालं! कवच बदललं, फीत निघाली. पहिल्यांदा "आर टेप लोडिंग एरर" आला, मग स्क्रू किंचित डावीकडे नेला आणि दुसऱ्या वेळी फ्यूज एम्युलेटरवर (आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) पूर्ण लोड झाला. कडेच्या लाल-आकाशी रेघा, मग निळ्या-पिवळ्या, सगळं जागच्या जागी. माझी मुलगी शेजारी बसून पाहत होती, तिने लगेच किबोर्ड ओढून घेतला. सिल्व्हरस्टोनवर ती आत्ता घोळक्याच्या मधोमध आहे.

एक अडचण. यूएसबी जॉयस्टिक लावला तर एम्युलेटरला दिसतो, पण खेळात काही होत नाही.


झेड८०
शुक्रवार, रात्री ९:४०

अभिनंदन! फार छान वाटलं.

जॉयस्टिकसाठी एम्युलेटरच्या पर्यायांत केम्पस्टन (स्पेक्ट्रमला जॉयस्टिक जोडण्याचा एक प्रकार) निवडा आणि केम्पस्टन इंटरफेस जोडलेला आहे अशी खूणही लावा. दोन वेगळ्या जागी असतात, दुसरी राहून जाते. तो पोर्ट ३१ वरून वाचला जातो. मग खेळाच्या सुरुवातीच्या पडद्यावर जॉयस्टिकचा पर्याय दिसतो का ते पाहा. नसेल तर एम्युलेटरमध्येच जॉयस्टिकच्या दिशांना खेळाच्या कळा नेमून द्या.

आणि मूळ डब्ल्यूएव्ही फाइल पुसू नका. तिच्यापासून टीझेडएक्स (स्पेक्ट्रमच्या कॅसेटची संगणकी प्रत) करून पाठवलीत तर मी बाइटन् बाइट तपासून देतो.